नेव्हरविंटर नाइट्समध्ये डीएम व्हायचंय? पहिल्या सत्राची पूर्ण तयारी

डंजन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डी अँड डी) म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. तो खेळणारा गट एकदा पांगला की टेबलाभोवती पुन्हा जमणं अवघड. कुणी पुण्यात राहतं, कुणी बंगळुरूला जातं, कुणी न्यू जर्सीला. मग व्हिडिओ कॉल लावून नकाशाची चित्रं दाखवत खेळ चालू ठेवला जातो. त्यातही मजा आहे, पण अशा गटांसाठी त्याहून भरीव सोय २००२ सालीच झाली होती आणि ती आजही उत्तम चालते. त्या वर्षी जूनमध्ये बायोवेअर कंपनीनं ‘नेव्हरविंटर नाइट्स’ हा संगणकावरचा खेळ आणला. त्यासोबत ‘ऑरोरा टूलसेट’ नावाचं जग बांधायचं साधन दिलं आणि त्या जगात अदृश्य राहून सगळं चालवणाऱ्या माणसासाठी, म्हणजे डंजन मास्टर ऊर्फ डीएमसाठी, वेगळा ‘डीएम क्लायंट’ही दिला. २०१८ मध्ये बीमडॉगनं त्याची ‘एन्हान्स्ड एडिशन’ काढली. हा लेख तिच्याबद्दल आहे.

गेम मास्टरला (डीएमचंच दुसरं नाव) जागा देणारे इतर खेळही झाले. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – रिडेम्प्शन’ (२०००) मध्ये स्टोरीटेलर मोड होता. २०१५ च्या ‘स्वोर्ड कोस्ट लेजंड्स’कडून खूप अपेक्षा होत्या, पण त्यात डीएमचे हात फारच बांधलेले होते आणि काही वर्षांतच तो विक्रीतून गेला. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ (२०१७) चा गेम मास्टर मोड देखणा आहे आणि शिकायला सोपा आहे. एक गेम मास्टर आणि चार खेळाडू एवढाच गट असेल आणि डी अँड डीच्याच नियमांचा हट्ट नसेल, तर तो जरूर बघा. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये मात्र डीएमसाठी असा मोड नाही, बरेच जण त्या आशेनं तो घेतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

नेव्हरविंटरच्या बाजूनं माझा कौल जातो तो कामाच्या वाटणीमुळे. डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीचे नियम संगणक सांभाळतो: वार लागला का, किती लागला, मंत्र किती वेळ टिकला. हिशोब चॅटच्या खिडकीत फाशांसकट दिसतो. डीएमकडे उरतात माणसं, त्यांची बोली, त्यांची कारस्थानं आणि खेळाडूंनी अनपेक्षित काही केलं की त्यावरचा निर्णय. नव्या डीएमनं ही वाटणी जपावी. जे तोंडानं होतं ते यंत्राकडून करवून घ्यायला गेलात तर महिनाभर स्क्रिप्ट लिहीत बसाल आणि पहिलं सत्र कधीच होणार नाही.

आधी काय जमवायचं

प्रत्येक खेळाडूकडे खेळाची स्वतःची प्रत हवी. खेळ जुना असल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही चालतो, महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. टूलसेट फक्त विंडोजवर चालतो, त्यामुळे निदान डीएमकडे विंडोज असावी. बोलण्यासाठी डिस्कॉर्डसारखा व्हॉइस कॉल लावा. तो ऐच्छिक धरू नका, कारण मराठीत खेळायचं तर खेळ तिथेच घडणार आहे. या खेळाची अक्षरव्यवस्था जुनी आहे आणि ती देवनागरी दाखवत नाही. म्हणून फलक, वस्तूंची नावं, चॅटमधले निरोप हे सगळं रोमन लिपीत ठेवा आणि मराठी तोंडानं बोला.

वेळ ठरवताना घड्याळांचा हिशोब एकदाच नीट करा. पुण्यातले रात्रीचे ९ म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे ११.३० आणि जर्मनीत संध्याकाळचे ५.३०. तिकडे मार्चमध्ये घड्याळं पुढे जातात आणि अमेरिकेत व युरोपात ती एकाच रविवारी बदलत नाहीत. त्या आठवड्यांत गटावर आदल्या दिवशी आठवण टाकाच.

सगळ्यात जास्त अडतं ते जोडणीवर. सर्व्हर तुमच्या संगणकावर चालणार असेल तर बाकीच्यांना तुमच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. त्यासाठी राउटरमध्ये यूडीपी पोर्ट ५१२१ तुमच्या संगणकाकडे वळवावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात, म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो. मग पोर्ट वळवूनही उपयोग होत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा आयपी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. अशा वेळी झिरोटियर किंवा टेलस्केल यांपैकी एक सगळ्यांनी बसवायचं. त्यातून सर्व संगणक एका खासगी जाळ्यात येतात आणि तिथे मिळालेला तुमचा पत्ता खेळाडूंनी ‘डायरेक्ट कनेक्ट’मध्ये टाकायचा. हे सगळं सत्राच्या आधी दोनतीन दिवस करून बघा. चार माणसं वेळ काढून बसली आहेत आणि तासभर आयपीच शोधतो आहोत, यानं उत्साह जितका मरतो तितका वाईट कथेनंही मरत नाही.

गोष्ट कागदावर

टूलसेट उघडायच्या आधी अर्ध्या पानावर गोष्ट लिहा. तीन तासांच्या पहिल्या सत्राला तीन जागा, तीन बोलणारी माणसं आणि एक खरा निर्णय एवढं पुरतं. उदाहरणादाखल एक गोष्ट घेऊ आणि पुढे तीच बांधू.

नदीकाठच्या गावातला नावाडी ओस्रिक तीन रात्रींपासून बेपत्ता आहे. नाव नाही म्हणून गावाचा बाजार बंद पडला आहे. खानावळीची मालकीण हेडा त्याला शोधून आणणाऱ्याला बक्षीस देते. खरी गोष्ट अशी की ओस्रिकनं जंगलातल्या जुन्या थडग्यातून एक अंगठी आणि थोडी चांदी चोरली. चांदी हेडानं विकत घेतली. त्यानंतर मेलेले उठायला लागले, घाबरलेला ओस्रिक अंगठी परत ठेवायला गेला आणि आतच अडकला. शेवटी प्रश्न खेळाडूंपुढे येतो: अंगठी परत ठेवायची, स्वतःकडे ठेवायची, की हेडाला गावासमोर उघडं पाडायचं?

प्रत्येक पात्रापुढे दोनच गोष्टी लिहा: याला काय हवंय आणि हा काय लपवतोय. हेडाला नाव पुन्हा सुरू व्हायला हवी आहे, चांदी लपवायची आहे. ओस्रिकला जीव वाचवायचा आहे, चोरी लपवायची आहे. घाटावरच्या म्हाताऱ्या कोळ्याला फक्त कुणीतरी ऐकणारं हवं आहे. त्यानं ओस्रिकला रात्री जंगलाकडे जाताना पाहिलं आहे आणि ते तो लपवत नाही, पण त्याला कुणी विचारलेलंच नाही. एवढं लिहिलं की खेळाडू काहीही विचारोत, उत्तर सुचतं. संवाद पाठ करायची गरज पडत नाही.

टूलसेटमध्ये तीन जागा

नवं मॉड्यूल, म्हणजे तुमचं जग साठवणारी फाइल, सुरू केलं की एरिया विझार्ड येतो. एरिया म्हणजे एक जागा. ती १० मीटर बाय १० मीटरच्या चौकोनी टाइल्सनी बनते आणि जास्तीत जास्त ३२ बाय ३२ टाइल्सची असू शकते. मोठ्या आकाराच्या मोहात पडू नका. रिकाम्या मैदानात पात्रं नुसती धावत राहतात आणि कॉलवर शांतता पसरते. आठ बाय आठ टाइल्सचं जंगलही चारपाच वाटसरूंना पुष्कळ होतं.

आपल्या गोष्टीला खानावळीसाठी शहरातल्या घरांच्या आतला टाइलसेट (एका धाटणीच्या टाइल्सचा संच), गाव व घाटासाठी ग्रामीण टाइलसेट आणि थडग्यासाठी क्रिप्ट घ्या. जंगलाची वाट वेगळी करायचीच असेल तर फॉरेस्ट आहे, पण पहिल्या वेळी ती तोंडी सांगून टाका: ‘दोन तास चालल्यावर झाडी दाट होते आणि समोर दगडी दार दिसतं.’ त्यात खेळाचं काहीच बिघडत नाही आणि तुमची एक संध्याकाळ वाचते.

जागा एकमेकींना जोडायच्या त्या दारांनी. खानावळीचं आतलं दार आणि गावातलं बाहेरचं दार, दोघांच्या गुणधर्मांत ट्रान्झिशनची, म्हणजे एका जागेतून दुसरीत जाण्याची, खूण असते. तिथे एकमेकांचा टॅग द्यायचा. टॅग म्हणजे खेळाडूला न दिसणारी ओळख. दोन दारांना एकच टॅग राहिला तर पात्रं भलत्याच ठिकाणी उगवतात. दार कॉपी करून चिकटवल्यावर हे हमखास होतं, म्हणून प्रत्येक दाराचा टॅग हातानं बदला. सुरुवातीची जागा खानावळीत ठेवा आणि एफ९ दाबून मॉड्यूल चालवून बघा. सगळ्या दारांतून स्वतः आतबाहेर करा.

सजावटीच्या वस्तू ठेवताना ज्यांच्याशी कुणाला काही करायचं नाही त्यांना ‘स्टॅटिक’ करून टाका, खेळ हलका राहतो. गोष्टीला अत्यावश्यक असं एखादं दार ‘प्लॉट’ केलं की ते फोडता येत नाही. हा पर्याय जपून वापरा. खेळाडूंनी कुऱ्हाडीनं दार फोडलं तर फोडू द्यावं, त्या आवाजानं आतलं कोण जागं झालं ते तुम्ही ठरवा.

प्रत्येक एरियाच्या गुणधर्मांत उजेड, पाऊस, संगीत आणि भोवतालचे आवाज निवडता येतात. यावर अर्धा तास खर्च करा, तो वाया जात नाही. थडग्यात कायमचा अंधार आणि गावात रिमझिम पाऊस एवढं केलं तरी खेळाडू आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात.

माणसं आणि सांगाडे

हेडा, ओस्रिक आणि कोळी यांना कस्टम पॅलेटमध्ये, म्हणजे टूलसेटमधल्या तुमच्या स्वतःच्या साच्यांच्या यादीत, तयार करा. त्याचा मोठा फायदा असा की खेळ चालू असताना हीच मंडळी डीएमच्या क्रिएटर नावाच्या खिडकीत मिळतात, म्हणजे लागेल तिथे लागेल त्या क्षणी उभी करता येतात. संवाद लिहिण्यासाठी टूलसेटमध्ये संपादक आहे. त्यात पात्राच्या ओळी लाल आणि खेळाडूच्या निळ्या दिसतात. तो शिकण्यासारखा आहे, पण पहिल्या सत्रासाठी प्रत्येकाला एकच ओळ द्या, तुम्ही दुसरीकडे गुंतलेले असताना ती पात्रं मुकी वाटू नयेत म्हणून. खरं बोलणं तुम्ही करणार आहात.

फॅक्शनकडे, म्हणजे कोण कुणाच्या बाजूचं याकडे, लक्ष द्या. मुळात चार असतात: हॉस्टाइल, कॉमनर, मर्चंट आणि डिफेंडर. गावकरी कॉमनर, रखवालदार डिफेंडर, सांगाडे हॉस्टाइल. एखाद्या खेळाडूची चुकून भलतीकडे क्लिक झाली आणि हेडावर वार बसला, तर अख्खं गाव अंगावर येऊ शकतं. तेव्हा खेळ थांबवायचा आणि डीएमच्या अधिकारात वैर मिटवायचं. ते कसं करतात हे आधी एकट्यानं करून ठेवा.

लढाई ठेवताना पहिल्या पातळीचं पात्र किती नाजूक असतं ते विसरू नका. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे ४ हिटपॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) आणि काटकपणाचा बोनस असतो. मोठ्या कुऱ्हाडीच्या एका नशीबवान वारात तो संपतो. म्हणून सगळ्यांना थेट तिसऱ्या पातळीवर सुरू करा. तिसऱ्या पातळीला ३,००० अनुभवगुण लागतात, ते खेळ सुरू झाल्याबरोबर डीएम मेनूतून द्या. थडग्यातले सांगाडे आधीपासून मांडून ठेवू नका. दोनच ठेवा आणि बाकीचे खेळाडूंची अवस्था बघून क्रिएटरमधून उठवा. नियमांचं गणित यंत्राचं असलं तरी लढाईचा ताल तुमच्याच हातात राहिला पाहिजे.

मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे खेळ आपणहून अनुभवगुण देतो. मॉड्यूलच्या गुणधर्मांत त्याचं प्रमाण शून्यावर आणा आणि अनुभव तुम्ही द्या. म्हाताऱ्या कोळ्याशी मायेनं बोलून बातमी काढणाऱ्याला सांगाडे तोडणाऱ्याइतकंच मिळालं, तर पुढच्या सत्रात लोक बोलायला लागतात.

सर्व्हर लावताना

खेळासोबत एनडब्ल्यूसर्व्हर नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम येतो. तो चालू करून मॉड्यूल निवडा. खेळाडूंचा आणि डीएमचा असे दोन वेगळे पासवर्ड द्या. एकमेकांवर हल्ला करायची मुभा बंद ठेवा. खेळ थांबवण्याचा अधिकार फक्त डीएमकडे ठेवा, नाहीतर प्रत्येक चकमकीत कुणीतरी पॉज दाबून बसतं. पात्रं सर्व्हरवर साठवायचा पर्याय निवडा, म्हणजे कुणी घरून जादूच्या तलवारी भरून आणलेलं पात्र आत येत नाही. हे सगळं झालं की स्वतः डीएम म्हणून डीएमच्या पासवर्डनं आत या.

सत्र चालवताना

आत आल्यावर तुम्ही कुणालाही दिसत नाही. तुमच्याकडे दोन मुख्य खिडक्या असतात. चूझरमध्ये सगळ्या जागा आणि त्यातली पात्रं यादीनं दिसतात, तिथून कुठेही उडी मारता येते. क्रिएटरमधून नवीन काहीही उभं करता येतं. कुठल्याही पात्रात शिरून त्याच्या तोंडानं बोलायची सोय दोन प्रकारची आहे: एकात तुमच्याकडे फक्त त्या पात्राचीच ताकद राहते, दुसऱ्यात डीएमचे सगळे अधिकार हाताशी राहतात. नेहमी दुसरा प्रकार वापरा. हेडा होऊन बोलत असताना मागे थडग्यात काही हलवावं लागलं तर बाहेर पडायला नको.

एक प्रसंग जवळून बघू. खेळाडू खानावळीत आहेत, तुम्ही हेडामध्ये आहात. एकजण विचारतो, ‘हेडाबाई, ओस्रिक शेवटचा कधी दिसला?’ तुम्ही तिच्या आवाजात म्हणता, ‘तीन रात्री झाल्या. जेवला, पैसे चुकते केले, गेला.’ तेवढ्यात दुसऱ्या खेळाडूचं पात्र काउंटरमागच्या पेटीकडे सरकताना तुम्हाला पडद्यावर दिसतं. व्हिडिओ कॉलवर हे कधी कळलं नसतं. हेडाला चालवत पेटीपुढे उभी करा आणि म्हणा, ‘अहो, तिकडे कुठं? त्यात माझ्या आईची चांदी आहे.’ कुणी विचारलेलं नसताना ती चांदीचं नाव घेते आणि कॉलवर सगळे एकदम गप्प होतात. मग एकजण म्हणतो, ‘मी तिला जरा गोडीत घेतो.’

इथे खेळाचा मेनू शोधत बसू नका. त्याला त्याच्या पत्रकावरचा पर्सुएडचा (मन वळवण्याच्या कौशल्याचा) आकडा विचारा, घरच्या टेबलावर वीस बाजूंचा खरा फासा टाकायला सांगा, दोन्हींची बेरीज १५ किंवा वर गेली तर हेडा ढासळते. फासा त्यानंच टाकावा आणि आकडा त्यानंच सांगावा. खोटं बोलेल अशी भीती असलेल्या माणसाबरोबर हा खेळ खेळण्यात अर्थ नाही. आकडा कमी आला तरी गोष्ट अडू देऊ नका. हेडा रागावते, पण रागाच्या भरात म्हणते, ‘त्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारा, रात्रभर घाटावर तोच बसलेला असतो.’ अपयशानंही वाट पुढे गेली पाहिजे, फक्त ती महाग पडली पाहिजे. आता गावात बातमी पसरली आहे की हे पाहुणे चौकशा करतात.

गट फुटला तर घाबरू नका. दोघं घाटावर आणि दोघं खानावळीत असले तर पाचेक मिनिटांनी बाजू बदलत राहा. ज्यांची पाळी नाही त्यांनी ऐकत राहावं. एखाद्याला गुपचूप काही करायचं असेल तर तो डीएमच्या चॅनेलवर लिहू शकतो, बाकीच्यांना ते दिसत नाही. चोराच्या भूमिकेतल्या खेळाडूला हे आवर्जून सांगून ठेवा, त्याची संध्याकाळ त्यातच आहे.

विश्रांतीचं बटण ही जुनी डोकेदुखी. एका कळीत जखमा भरतात आणि मंत्र परत येतात, त्यामुळे प्रत्येक चकमकीनंतर लोक आडवे होतात आणि धोका उरत नाही. स्क्रिप्ट लिहिता येत असेल तर मॉड्यूलच्या विश्रांतीच्या घटनेला ती जोडून मर्यादा घालता येते. नाहीतर सुरुवातीलाच तोंडी नियम सांगा: विश्रांती फक्त खानावळीत, किंवा दार अडवून पहारा ठेवला तर. मोठी माणसं नियम पाळतात. कुणी विसरलंच, तर दारामागे दोन सांगाडे उठवायला एक सेकंद लागतो.

कुणी मेलं तर खेळाचा मूळ नियम त्याला अनुभवगुण आणि सोनं कापून परत उठवतो. पहिल्या सत्रात मी त्याऐवजी डीएमच्या अधिकारानं त्याला जागेवर जिवंत करणं पसंत करतो, पण बदल्यात गोष्टीत काहीतरी मागतो: थडग्यातल्या कुणीतरी तुला परत पाठवलंय, आणि तो अंगठीची वाट बघतोय. मरणाचा दंड आकड्यांत मोजला की विसरला जातो, असा कर्जाचा बोजा मात्र पुढची दोन सत्रं चालवतो.

तिसऱ्या तासाकडे घड्याळावर नजर ठेवा. अंगठीचा निर्णय व्हायला वीस मिनिटं तरी राखा. उरलेले सांगाडे बिनदिक्कत गाळा. चूझरमधून निवडून त्यांना लिंबोमध्ये पाठवलं की ते जगातून बाजूला होतात आणि पुढे लागले तर परत आणता येतात. या वीस मिनिटांत तुम्ही शक्य तितकं कमी बोला. ओस्रिकला रडू द्या, एकदा विनवू द्या आणि मग खेळाडूंना आपसात भांडू द्या.

सगळे गेल्यावर

सर्व्हर बंद करण्याआधी त्याच्याच खिडकीतून खेळ सेव्ह करा. मग डॉक्युमेंट्समधल्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’ फोल्डरातून दोन गोष्टींची प्रत दुसरीकडे ठेवा: मॉड्यूल्समधली तुमची मॉड्यूल फाइल आणि सर्व्हरव्हॉल्टमधली पात्रं. पात्रांच्या फाइली अगदी लहान असतात, पण त्या गेल्या तर गटाची पुढची मोहीमही जाते.

त्याच रात्री, डोक्यात ताजं असताना, चार ओळी लिहून ठेवा: कुणाला काय वचन दिलं गेलं, कोणाचं नाव खेळाडूंनी स्वतःहून पुन्हा घेतलं, कोणता धागा त्यांनी सोडून दिला. म्हाताऱ्या कोळ्याला तुम्ही दोन वाक्यांसाठी उभं केलं होतं आणि गट त्याच्याशी अर्धा तास बोलत बसला असेल, तर पुढची गोष्ट त्याची आहे. टूलसेट उघडून घाटावर त्याची झोपडी बांधायला घ्या, आतला दिवा पेटता ठेवा आणि दाराला वेगळा टॅग द्यायला विसरू नका.